घशात दात असलेला मासा

आई,

मी आता आफ्रिकेत आहे, केनिया नावाच्या देशात, नैवाशा नावाच्या तलावाच्या काठी. तू गेलीस तेव्हा मी जव्हारला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, त्याला सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला कधी काही लिहिलं नाही. आज लिहायला बसले, कारण माझं इथलं काम आज संपलं आणि ते ज्या माशाचं होतं तो तुझ्या ओळखीचा आहे. सायप्रिनस. धरणात माशांचं बी सोडायचे त्यातला, पिवळट, जाड ओठांचा, चार मिशांचा. तो मूळचा इथलाही नाही. आपल्याकडे तो डब्यांतून आणून धरणात सोडला, आणि इथे वरच्या अंगाच्या तळ्यांतून पुराबरोबर नदीत, नदीतून तलावात उतरला असं सांगतात. आता या तलावात जाळं टाकलं की बहुतेक तोच येतो. गेली तीन वर्षं मी तो काय खातो, किती वाढतो आणि अंडी कधी घालतो एवढंच बघत होते. याबद्दल मला डॉक्टर म्हणणार आहेत. तू विचारलं असतंस, कसली डॉक्टर, सुई देता येते का. नाही येत.

तुला आश्रमशाळेत स्वयंपाकाला घेतलं तेव्हा मी तिसरीत होते. त्याआधी दिवाळी झाली की आपण सगळेच वीटभट्टीवर जायचो आणि माझी शाळा तिथेच थांबायची. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच वर्गात. बा एकटा भट्टीवर जाईल आणि तू मला घेऊन मोखाड्याजवळच्या शाळेत राहशील, हे तू कसं ठरवलंस, बाशी किती भांडलीस, मला कधी कळलं नाही. मला आठवतो तो पहिला दिवस. स्वयंपाकघरात भिंतीला लागून तीन चुली, वर काळी झालेली पातेली, आणि तू पदर खोचून ढवळणी धरून उभी. मी धावत आले आणि तुला हाक मारली. तू मला बाहेर पाण्याच्या टाकीमागे नेलंस आणि खाली बसून सांगितलंस की इथे मला आई म्हणायचं नाही. सगळ्या पोरी मावशी म्हणतात, तूही मावशी म्हणायचं. त्यांच्या आया इथे नाहीत. मला ते फार लागलं. रात्रीच्या भाताच्या रांगेत मी ताट पुढे केलं तेव्हा तू मला इतरांइतकाच भात वाढलास, एक डावही जास्त नाही, आणि मी तुझ्याकडे न बघता पुढे गेले. कितीतरी महिने मी तुला काहीच म्हणत नसे. मग एकदा तापात मी तुला मावशी म्हटलं आणि तू माझ्या कपाळावर हात ठेवून तशीच बसून राहिलीस. पुढे वसतिगृहात, नोकरीच्या गावी, आणि इथेही, परक्या बायकांना मावशी म्हणून जवळ करायला मला कधी जड गेलं नाही. तो गुण मला तुझ्याकडून मिळाला, पण हे मला फार उशिरा कळलं.

रविवारी आपण सूर्यमाळच्या खालच्या आपल्या पाड्यावर जायचो. मामा तेव्हा धरणावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचा, आणि मिळाले तर दोन-तीन मासे घेऊन यायचा. ते साफ करायचं काम तुझं. ओट्यावर पाट, पाटावर विळी, बाजूला राखेचं टोपलं. माझ्या मैत्रिणींच्या आया माशाचं पोट फाडून आतलं सगळं कुत्र्याला टाकून द्यायच्या. तू मात्र ते हातावर घेऊन बोटाने पसरायचीस. यात लाल अळी आहे म्हणजे हा तळाच्या चिखलातला, याला चिंच आणि मीठ लावून जास्त वेळ ठेवायला लागेल, नाहीतर मातीचा वास जायचा नाही. यात हिरवं आहे म्हणजे हा काठाला चरत होता, हा तसाच चालेल. तुला स्वयंपाकासाठी हे हवं होतं, पण मला वाटतं तुला ते आवडायचंही. एकदा तू मला म्हणालीस, याला पोटच नाय, नुसतं आतडं. मी हसले. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला पुस्तकात तेच वाचलं, या माशाला जठर नसतं. तुला सांगायला मी शनिवारची वाट बघितली होती. मी सांगितलं आणि तू भांडी घासता घासता म्हणालीस, मंग, मी काय सांगितलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो नववीतला विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता. तालुक्याचं प्रदर्शन मोखाड्याला होतं आणि सरांनी मला 'आपल्या धरणातील मासे' हा विषय दिला होता. मी एका गाइडमधून उतरवून काढलं. सुंदर अक्षर, लाल शाईने रेघा, सायप्रिनसचं चित्र आणि त्याखाली लिहिलं की हा मासा लहान मासे व त्यांची अंडी खातो, त्यामुळे स्थानिक मासे नष्ट झाले. दुपारी स्वयंपाकघर रिकामं असताना मी तो तक्ता तुला दाखवायला आणला. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू प्रत्येक ओळीवर बोट ठेवून काय लिहिलंय ते विचारत होतीस. त्या ओळीवर बोट थांबलं.

"तू बघितलंस?"

मी म्हटलं, पुस्तकात आहे.

"बघितलं नाय, मंग लिवलंस कसं?"

तू रागावली नव्हतीस. तू रागावलीस की आवाज चढायचा, तसा तो चढला नव्हता. तुला खरंच कळत नव्हतं की न बघितलेलं माणूस लिहितं कसं. मला मात्र ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं, आणि मी म्हटलं की तुला वाचता येत नाही म्हणून तू असं बोलतेस. एवढं बोलून मी तक्ता गुंडाळून निघून गेले. रविवारी पाड्यावर गेलो तर मामाकडून तू पाच मासे मागवून ठेवले होतेस, पाचही सायप्रिनस. विळी माझ्यासमोर ठेवलीस आणि म्हणालीस, काप. मी कापले. पाचांत एकही मासा नाही, एकही अंडं नाही. लाल अळ्या, चिखल, गवताच्या काड्या, एकात भाताचं तूस. मग तू शेवटच्या माशाचं डोकं मागून उघडलंस, कल्ल्यांच्या आतल्या बाजूला बोट घातलंस आणि माझं बोट ओढून तिथे टेकवलंस. आत दाढांसारखं काहीतरी कडक लागलं. तू म्हणालीस की याच्या तोंडात दात नाहीत, घशात आहेत. हा पकडून चावत नाही, चिखल ओढतो आणि आत दळतो. मी तो तक्ता पुन्हा केला. एका बरणीत आतड्यातला चिखल भरून ठेवला. प्रदर्शनात माझा नंबर आला नाही, बघायला आलेल्या पोरी नाक धरून पुढे जायच्या. तरी मी दिवसभर त्या बरणीपाशी उभी राहिले, आणि ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं की हे मी बघितलंय.

तुझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यानंतर महिन्याभराने तू एकटीच जव्हारला गेलीस. तिथल्या बाजारात एक म्हातारे मुसलमान घड्याळजी बसायचे, त्यांच्याकडे शाळेचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला जायचं म्हणून तुला माहीत होते. तू त्यांच्या दुकानासमोर उभी राहिलीस आणि सांगितलंस की पोरीला बारीक बघायचंय. ते डोळ्याला लावतात ते भिंग, जुनं असेल तर द्या. त्यांनी म्हणे तुला आत बसवून चहा पाजला आणि पोरगी घड्याळं शिकणार का, असं विचारलं. तू म्हणालीस, नाय, मासं. ते खूप हसले आणि कडेला चीर गेलेलं एक भिंग रुमालात बांधून दिलं, "ले जाओ बाई, देखनेवाला चाहिए बस." हे तू मला चारदा सांगितलंस, त्यांच्या हिंदीसकट. त्या भिंगाखाली मी पहिल्यांदा माशाचं खवलं बघितलं, त्यावरची एकात एक वर्तुळं, काही दाट, काही विरळ. खायला मिळतं तेव्हा अंतर मोठं, नाही मिळत तेव्हा रेघा जवळ. तुला दाखवलं तेव्हा तू बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिलीस. मग म्हणालीस की उन्हाळा याच्यात पण दिसतो.

आता इथलं सांगते. हा तलाव उंचावर आहे, सकाळी सूर्यमाळसारखा गारवा असतो. काठाला उंच लव्हाळं, पाण्यात पाणघोडे, ते म्हशीपेक्षा मोठे असतात आणि माणसावर धावून येतात. मासे उतरतात त्या काठावर एक म्हातारी बाई दिवसभर मासे साफ करते. मला फक्त पोटातलं हवं असायचं आणि तिला बाकीचं, म्हणून आमचं जमलं. तिच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. पहिल्या दिवशी तिने मला दादा म्हणून हाक मारली तेव्हा मी मागे वळून कोण पुरुष आलाय ते बघितलं होतं. दर महिन्याला मी वीस मासे घ्यायचे. लांबी, वजन, आतड्यात काय, अंड्यांची गाभोळी भरलेली की रिकामी. बाराही महिन्यांचं असं लिहिलं की मासा कधी अंडी घालतो ते कळतं. त्यावरच माझं अर्धं काम उभं होतं.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मला टायफॉइड झाला. महिनाभर मी पडून होते. उठले तेव्हा मे लागला होता आणि वहीत एप्रिलचं पान कोरं होतं. आई, ते पान मी बसून भरलं. मार्चचे आकडे समोर ठेवले आणि थोडे थोडे बदलून वीस ओळी लिहिल्या. मार्चमध्ये गाभोळी भरलेली होती, म्हणून एप्रिलमध्येही भरलेली लिहिली. मला वाटलं, एका महिन्यात असा काय फरक पडणार. मला वाईट वाटलं नाही. उलट संपलं म्हणून बरं वाटलं आणि मी भात करून जेवले.

काही आठवड्यांनी काठावर त्या म्हातारीच्या शेजारी बसून मी काम करत होते. ती सहज म्हणाली की तू आजारी होतीस तेव्हा मला चुकल्यासारखं व्हायचं, बरणी घेऊन कोणी येत नव्हतं. मग तिने विचारलं की त्या महिन्यात मासे कोणी कापले. तिला काही माहीत नव्हतं. ती गप्पा मारत होती, एवढंच. मी म्हटलं, कोणी नाही. तिने मान डोलावली आणि पुढचा मासा घेतला. मी मात्र तिथून उठले, खोलीवर आले आणि ते पान आडव्या रेघेने खोडलं. फाडलं नाही, कारण फाडलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मग माझ्या मार्गदर्शक सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले की सांगितलंस ते बरं केलंस, पण आता प्रबंधातलं अंड्यांचं प्रकरण लिहिता येणार नाही. एक तर ते सोडून दे, किंवा पुढच्या एप्रिलपर्यंत थांब.

थांबायचं तर माझी फेलोशिप संपत होती. इथे एक गुजराती कुटुंब आहे, त्यांनी मला मागची खोली दिली आणि मी त्यांच्या मुलींना विज्ञान शिकवलं. बाला फोन केला की तो विचारायचा, अजून किती मासे राहिले. मी सांगायचे, वीस. वर्षभर वीसच राहिले होते. खरं सांगते, त्या वर्षात दोनदा मी परतीचं तिकीट बघितलं होतं.

आणि मग या एप्रिलमध्ये, पाऊस सुरू होऊन काही दिवस झाले होते, सकाळी ती म्हातारी माझ्या दारात आली. ती फक्त चल म्हणाली. गेली काही वर्षं या तलावाचं पाणी वाढतंय, काठावरची घरं, कुरणं पाण्याखाली गेलीत. तिचं जुनं घरही गेलं. आम्ही त्याच बाजूला गेलो. जिथे पूर्वी गुरं चरायची तिथे गुडघाभर पाणी आणि पाण्यात उभं गवत. ते गवत हलत होतं, वारा नसताना. जवळ गेल्यावर दिसलं, सायप्रिनस, शेकडो, पाठी पाण्याबाहेर, मोठ्या माद्या गवतात अंग घासत पुढे आणि दोन-तीन नर त्यांच्या मागे. सगळीकडे शेपट्यांचा फडफडाट. म्हातारी पाणघोडा येतो का यावर नजर ठेवून काठी घेऊन उभी राहिली आणि मी वाकून एक गवताची पात उपटली. तिला अंडी चिकटलेली होती, मोहरीपेक्षा लहान, पारदर्शक, पातीच्या दोन्ही बाजूंनी. मी ती पात धरून पाण्यात उभी राहिले आणि मला रडू आलं. म्हातारीला वाटलं पायाला काही चावलं.

त्या महिन्याच्या अखेरीला मी वीस मासे कापले. वीसपैकी बहुतेक माद्यांची गाभोळी रिकामी होती. वहीत मी बसून जे भरलेलं लिहिलं होतं, ते रिकामं होतं. दोन वर्षं सारखी नसतात, तेही खरं. पण हा मासा कुठे आणि कशात अंडी घालतो ते आता मी बघितलं होतं. काठावरच्या मासेमारांची सभा झाली, तिथे मला बोलायला बोलावलं. काहीजण म्हणाले की हा मासा आपला नाही, पाणी गढूळ करतो, झाडोरा उपटतो, याला कशाला राखायचा. ते काही खोटं नाही, पाणी तो गढूळ करतोच, मीही तसं लिहिलंय. मग म्हातारी उठली. ती म्हणाली, तो कुठून आला ते मला माहीत नाही, पण जुने मासे कमी झाले तेव्हा माझी नातवंडं यालाच खाऊन वाढली. बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं की पावसाचा पहिला महिना गवताळ काठावर जाळी लावायची नाहीत. माझ्या खोट्या पानावरून, एप्रिलअखेरही गाभोळी भरलेली धरून, ठरवलं असतं तर त्यांनी अंडी घालून झाल्यावर जाळी थांबवली असती.

आज वही बंद केली. तू असतीस तर म्हणाली असतीस, झालं ना, मंग घरी ये. येतेच आहे, पुढच्या महिन्यात. बा आता पाड्यावरच असतो, त्याला कमी दिसतं. मामाने जाळं सोडलं. शाळेच्या स्वयंपाकघरात चुली जाऊन गॅस आलाय, मागच्या खेपेला मी आत जाऊन बघून आले. तिथे तू मला भात वाढलास, पोटातलं हातावर घेऊन बघायला शिकवलंस ते घरच्या ओट्यावर, आणि तुझ्या तोंडचं एकच वाक्य मी इतकी वर्षं बाळगलं. माझ्याजवळ जे काही शिक्षण आहे ते तिथून सुरू होतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला काही म्हणायची आपल्यात पद्धतही नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी एक गोष्ट सांगून ठेवते. यातली एकही ओळ मी तुझ्याशी या मराठीत कधी बोलले नाही. घरी आपण आपली बोली बोलायचो. तुझ्या तोंडी मी वर 'नाय' आणि 'मंग' आणि 'लिवलंस' घातलंय, पण तू यातलं काहीच असं म्हणाली नव्हतीस. मी आधी आपल्या बोलीत लिहायला बसले होते. सकाळपासून तीनदा बसले. माशाच्या मिशांना तू काय म्हणायचीस तो शब्द मला येत नाहीये. बाला फोन लावणार होते, पण त्याला हे विचारायची लाज वाटली.